चलशिल्पांची नाडीपरीक्षा

बाजारांत मडकें विकत घेतांना आपली आजी काय करते हें आपण सर्वांनीं पाहिलें असेल. ती मडक्याचा रंग पाहत नाहीं, आकारहि फारसा पाहत नाहीं. मडकें एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटानें त्यावर टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजलें तर पैसे मोजते. बद्द वाजलें तर कुंभारानें कितीहि शपथा घेतल्या तरी तें खालीं ठेवते. केसासारखा बारीक तडा डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु कानास तो लपवितां येत नाहीं. आगगाडीच्या स्थानकांत लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर एकेक ठोका देत जाणारा कामगार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना हेंहि सांगावयास नको कीं, तो मनुष्य व आपली आजी एकाच विद्येचे उपासक होत.

ह्या लेखांत आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहों, तो ह्याच जुन्या विद्येचा एक नवा उपयोग आहे. तो कारखान्यांत नव्हे, तर कलावस्तूंच्या संग्रहालयांत चालतो. तेथें रोगी असतें तें एक शिल्प; आणि वैद्य त्याच्या छातीला कान लावून बसलेला असतो.

शिल्प म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दगडाची किंवा पितळेची स्थिर मूर्ति उभी राहते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून युरोपांतील कांहीं कलावंतांस असें वाटूं लागलें कीं, रंग व आकार ह्यांप्रमाणेंच गति हीहि कलेची सामग्री कां असूं नये? मार्सेल द्यूशाँ ह्या फ्रेंच कलावंतानें १९१३ सालीं एका लांकडी तिवईवर सायकलचें चाक उलटें बसविलें. पुढें अलेक्झांडर कॉल्डर ह्या अमेरिकन शिल्पकारानें पत्र्याचीं पानें तारांना टांगून वाऱ्याच्या झुळकेनें हलणारीं शिल्पें केलीं. अशा कृतींस आपण चलशिल्पें म्हणूं. कांहीं वाऱ्यानें हलतात, कांहीं पाण्यानें, कांहीं हातानें. आणि पुष्कळशीं विजेच्या मोटरीनें. आमच्या विषयाचा मुख्य संबंध ह्या शेवटच्या वर्गाशीं आहे.

ह्या वर्गाचा बादशहा म्हणजे झां टिंगेली. हा स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर गांवीं १९२५ सालीं जन्मला व बासेल शहरांत वाढला. त्याच्या बालपणाची एक गोष्ट तो स्वतः पुढें सांगत असे, ती आमच्या विद्यार्थ्यांना विशेष आवडेल. शाळकरी वयांत तो शहराबाहेरच्या रानांत जाई व तेथील ओढ्यावर लहान लहान पाणचक्क्या मांडी. एक नव्हे, दोन नव्हे, सुमारें तीस! प्रत्येक चक्कीला एक चिमुकली हातोडी जोडलेली. चक्की फिरली कीं हातोडी कोठें डब्यावर, कोठें बाटलीवर ठोका देई. प्रत्येक चक्कीची चाल निराळी, प्रत्येक डब्याचा स्वर निराळा. रानांत दुसरें कोणी नाहीं आणि ओढा आपला वाजवीत बसला आहे! ह्या मुलानें मोठेपणीं जें केलें तें सारें त्या ओढ्याकांठीं बीजरूपानें होतें, असें आम्हांस वाटतें.

मोठेपणीं त्यानें भंगारांतील चाकें, पट्टे, दांडे, जुन्या मोटरी व मोडकीं वाद्यें एकत्र करून प्रचंड यंत्रें उभीं केलीं. तीं कांहीं दळीत नाहींत, विणीत नाहींत, छापीत नाहींत. नुसतीं डुलतात, कण्हतात, खडखडतात व वाजतात. १७ मार्च १९६० रोजीं न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या बागेंत त्यानें एक यंत्र चालू केलें. त्याचें कामच स्वतःचा नाश करून घेणें हें होतें. सत्तावीस मिनिटें तें धडपडलें; त्यांतील पियानोनें पेट घेतला व शेवटीं आग विझविणाऱ्या शिपायास मध्यें पडावें लागलें. पुढें १९७८ ते १९८५ ह्या काळांत त्यानें ‘मेटा-हार्मोनी’ नांवाचीं चार मोठीं ध्वनियंत्रें बांधलीं. उंच लोखंडी चौकटींत लहानमोठीं शेंकडों अवयवें फिरत असतात, आणि त्यांच्यामध्यें ढोल, झांजा, घंटा व सुरांच्या पट्ट्या अशा बसविलेल्या असतात कीं फिरतां फिरतां यंत्र त्यांना बडवीत जातें. त्यांपैकीं शेवटच्या यंत्रांतील मोठालीं चाकें म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतील टाकून दिलेले लांकडी साचे होत. ह्या चार भावंडांपैकीं एक व्हिएन्नास, एक जपानांत व दोन बासेल येथें असतात. २०१६ च्या अखेरीस तीं चारहि बासेलच्या टिंगेली संग्रहालयांत एकत्र जमलीं होतीं.

आतां अडचण कोठें आहे तें पाहूं. दगडी मूर्तीची निगा राखणाऱ्यानें तिला हात लावूं दिला नाहीं, ऊनपाऊस लागूं दिला नाहीं, कीं त्याचें बरेंचसें काम झालें. चलशिल्पाचें तसें नाहीं. तें चालू ठेवलें तर प्रत्येक फेऱ्यागणिक झिजतें. बेअरिंगांतील गोळ्या खरवडतात, रबरी पट्टे सैल पडतात, ढोलाचें कातडें फाटतें. बंद ठेवलें तर झीज थांबते खरी. परंतु मग त्या वस्तूंत उरलें काय? थांबलेलें चलशिल्प म्हणजे न गायिलेलें गाणें. टिंगेली १९९१ सालीं वारला. नवें यंत्र करून देणारा आतां कोणी नाहीं. ऱ्हाइन नदीच्या कांठीं मारिओ बोत्ता ह्या वास्तुशिल्पज्ञानें बांधलेलें त्याचें संग्रहालय १९९६ सालीं उघडलें. तेथें पुष्कळ यंत्रांपुढें जमिनीवर एक बटण असतें. प्रेक्षकानें तें पायानें दाबलें कीं यंत्र थोडा वेळ चालतें, आणि मग त्याला सक्तीची विश्रांति मिळते. लहान मुलांना हा नियम अन्यायाचा वाटतो. पण तो यंत्राच्या आयुष्याचा हिशेब आहे. रोज थोडें थोडें आयुष्य मोजून द्यावयाचें व तें पाहणाऱ्यांत वांटावयाचें.

हा प्रश्न एकट्या टिंगेलीपुरता नाहीं. २०१६ सालीं इटलींतील मिलान शहरीं देशोदेशींचे जतनकर्ते ह्याच विषयावर विचार करण्यास जमले होते, आणि त्या सभेचा ग्रंथ लॉस एंजेलिस येथील गेटी संस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या नांवांतच एक प्रश्नचिन्ह आहे: चालतें ठेवावयाचें काय? आम्हांस तें प्रश्नचिन्ह फार प्रामाणिक वाटतें.

तर मग झीज आटोक्यांत ठेवावयाची असेल तर ती वेळींच कळली पाहिजे. यंत्र उघडून पाहणें हा एक मार्ग. परंतु जुन्या, गंजलेल्या, कलावंतानें स्वतःच्या हातानें सांधलेल्या यंत्राचे खिळे वारंवार काढणें म्हणजे रोग शोधण्यासाठीं रोग्यास रोज फाडण्यासारखें आहे. येथें आजीची टिचकी उपयोगीं पडते. यंत्र चालत असतांना जो आवाज करतें, तो त्याच्या सर्व सांध्यांचा मिळून झालेला एक अहवालच असतो. तो अहवाल लिहून ठेवावा, पुढल्या वर्षीं पुन्हा लिहावा व दोन्हींची तुलना करावी. इतकीच ह्या पद्धतीची मूळ कल्पना.

“लिहून ठेवावा” असें आम्ही म्हटलें तें मुद्दाम. मनुष्याचा कान फार तरबेज असतो. पण त्याची आठवण कच्ची असते. गेल्या वर्षीं ही मोटर आतांपेक्षां हळू घुमत होती काय, असें विचारलें तर उत्तम कारागीरहि चांचरतो. शिवाय कान माणसाबरोबर जातो. टिंगेलीचा सेप इमहोफ नांवाचा साहाय्यक १९७१ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याबरोबर काम करीत होता, आणि मागाहून त्यानेंच संग्रहालयांतील यंत्रांची निगा राखली. अशा माणसास कोणतें खडखडणें जन्माचें व कोणतें दुखण्याचें हें सांगावें लागत नाहीं. परंतु तें ज्ञान पुढच्या पिढीला कागदावर कसें लिहून देणार? ‘किर्र’ आणि ‘कुर्र’ ह्या दोन अक्षरांनीं कोणाचें काम होणार? तेथें ध्वनिमुद्रण हवें.

मुद्रण करण्याची रीत सोपी दिसते, पण तिच्यांत शिस्त फार आहे. मायक्रोफोन दर वेळीं त्याच जागीं, तितक्याच अंतरावर व तितक्याच उंचीवर ठेवावा लागतो. म्हणून जमिनीवर खुणा करून ठेवतात. प्रेक्षक नसतांना, पंखे बंद करून मुद्रण करतात. दालनाची उष्णता व हवेंतील ओलावा टिपून ठेवतात. कारण थंड हवेंत वंगण घट्ट होतें व पट्टे ताठरतात. आरंभीं एका लहान उपकरणानें ठरलेला स्वर मायक्रोफोनला ऐकवितात, बहुधा सेकंदास १,००० कंपनांचा व ९४ डेसिबेल पातळीचा. म्हणजे दहा वर्षांनीं दुसरें उपकरण आलें तरी दोन मुद्रणें एकाच मापानें मोजतां येतात. आपण गाणीं ऐकण्यासाठीं वापरतों त्या एम्‌पी-थ्रीसारख्या संक्षिप्त प्रकारांत हें मुद्रण ठेवीत नाहींत. तो प्रकार मनुष्याच्या कानास न जाणवणारा भाग गाळून टाकतो. आणि येथें तर नेमका तोच भाग मोलाचा. माणसाचा कान फार तर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो; परंतु कोरड्या पडलेल्या बेअरिंगाची पहिली कुरकुर पुष्कळदां त्याच्याहि वर असते. म्हणून सेकंदास ९६,००० वेळां नमुना घेणारें मुद्रण व तितकें तीक्ष्ण ऐकणारा मायक्रोफोन योजतात.

मग त्या ध्वनीचें चित्र काढतात. त्यास आपण ध्वनिचित्र म्हणूं. डावीकडून उजवीकडे काळ धांवतो; खालून वर कंपनसंख्या वाढत जाते; आणि जेथें आवाज मोठा तेथें ठिपका गडद पडतो. मोटरीची घरघर म्हणजे तळाशीं ओढलेली एक आडवी रेघ. ढोलावरचा ठोका म्हणजे उभा फटकारा. किंचाळणारा सांधा म्हणजे वर सरकत जाणारी वांकडी रेघ. सरावलेला मनुष्य हें चित्र वाचूं लागला म्हणजे नुसत्या कानानें जें एकमेकांत मिसळलेलें वाटतें, तें त्यास वेगवेगळें दिसतें.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. समजा, २० दांत्यांचें एक दंतचक्र सेकंदास ३ फेरे घेतें. दर सेकंदास ६० दांते दुसऱ्या चक्रांत शिरतात. म्हणून चित्रांत ६० कंपनांपाशीं एक रेघ दिसेल. आतां त्यांतील एकच दांता तुटला. तो दर फेऱ्यास एकदां धक्का देईल. म्हणजे सेकंदास ३ ठोके नवे ऐकूं येतील. गेल्या वर्षींच्या चित्रांत ते नव्हते, यंदा आहेत; तर खिळा न काढतां आपणांस कोणत्या आंसावर रोग आहे तें कळलें. बेअरिंगाचें गणित याहून गमतीचें आहे. आंसाभोंवतीं ८ गोळ्या आहेत व आंस सेकंदास एक फेरा घेतो, असें धरा. गोळ्या मात्र आंसाइतक्या वेगानें पुढें जात नाहींत. त्या आंसाच्या निम्म्याहून किंचित कमी वेगानें घरंगळतात. म्हणून बाहेरच्या स्थिर कड्यावर खड्डा पडला असेल तर पांच सेकंदांत सुमारें १६ टिचक्या ऐकूं येतात; आणि आंतल्या फिरत्या कड्यावर पडला असेल तर सुमारें २४. दोन्ही मिळून ४०, म्हणजे ८ गुणिलें ५. हें कां, तें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं शोधून काढावें. नुसत्या टिचक्या मोजून खड्डा आंत कीं बाहेर हें सांगतां येतें, ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हां आम्हांस जादूसारखी वाटली होती. आमच्या पालकांपैकीं जे गिरण्यांत व कारखान्यांत आहेत, ते कदाचित् हंसतील. कारण यंत्रांच्या देखभालीसाठीं ही रीत उद्योगधंद्यांत कधींपासूनच रूढ आहे. कलेच्या दालनांत मात्र ती उशिरां शिरली.

आणखी एक साधी परीक्षा आहे, तिला तर गणितहि नको. यंत्राची वीज बंद केल्यापासून शेवटचें चाक थांबेपर्यंतचा आवाज मुद्रित करावा. पूर्वीं तें चौदा सेकंद घरंगळत असेल व आतां नवांतच थांबत असेल, तर कोठें तरी घर्षण वाढलें आहे. आमच्या मतें संग्रहालयांतील सर्व परीक्षांत हीच सर्वांत स्वस्त व विश्वासू आहे.

विजेच्या मोटरीविषयीं एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. युरोपांत व आपल्याकडे घरोघर येणारी वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, अमेरिकेंत ६०. ह्या विजेवर चालणाऱ्या मोटरी व रोहित्रें तिच्या दुप्पट कंपनांनीं, म्हणजे येथें १०० व तेथें १२० कंपनांनीं घुमतात. पुष्कळ मोटरींचा फिरण्याचा वेगहि ह्याच आवर्तनांवर अवलंबून असतो. आतां पॅरिसमध्यें बांधलेलें एकादें शिल्प प्रदर्शनासाठीं न्यूयॉर्कला नेलें. तेथील विजेचा दाब निराळा असतो हें सर्वांना ठाऊक असतें, म्हणून रोहित्र लावतात. परंतु रोहित्र दाब बदलतें, आवर्तनें बदलीत नाहीं. परिणामीं शिल्प एक पंचमांशानें जलद चालूं लागतें. दहा मिनिटांचा खेळ आठ मिनिटें वीस सेकंदांत आटोपतो. डुलणें होतें तेथें थरथरणें येतें, आणि झीजहि वाढते. पाहणाऱ्याला कांहींच खटकत नाहीं, कारण त्यानें मूळ चाल पाहिलेली नसते. ध्वनिचित्रांतील एक रेघ मात्र शंभरावरून एकशेंवीसावर गेलेली असते.

हीच घरघर जुन्या मुद्रणांच्या बाबतींत एका वेगळ्या तऱ्हेनें उपकारक ठरते. कलावंत हयात असतांनाच्या फिती व बोलपट हा यंत्राच्या मूळ प्रकृतीचा सर्वांत मोठा पुरावा होय. परंतु जुनी फीत वाजविणाऱ्या यंत्राचा वेग थोडा जरी चुकला तरी सर्व स्वर व सर्व ताल बदलतात. मग त्यावरून शिल्पाची खरी चाल कशी ठरवावी? अशा वेळीं त्या फितींत नकळत मुद्रित झालेली विजेची घरघर शोधतात. युरोपांतील मुद्रण असून ती १०० ऐवजीं ९६ कंपनांवर सांपडली, तर फीत शेंकडा चार इतकी हळू वाजत आहे हें निश्चित झालें. ध्वनिमुद्रण करणारे ज्या घरघरीचा जन्मभर तिरस्कार करीत आले, तीच येथें मोजपट्टी झाली! बोलपटाविषयीं मात्र सावध राहावें लागतें. कारण त्यांतला आवाज पुष्कळदां मागाहून जोडलेला असतो.

येथपर्यंत आम्ही यंत्राविषयीं बोललों. पण शिल्प हें नुसतें यंत्र नव्हे, आणि खरी अडचण येथेंच आहे.

आमच्या घरीं लंबकाचें एक जुनें घड्याळ होतें. त्याचा टोला पडण्यापूर्वीं आंत एक खरखर होई, जणूं म्हातारा मनुष्य बोलण्यापूर्वीं घसा साफ करतो आहे. घड्याळ मागें पडूं लागलें म्हणून आम्हीं तें एका कारागिराकडे दिलें. त्यानें कांहीं भाग बदलून, तेल घालून तें परत पाठविलें. वेळ अगदीं बरोबर. पण खरखर गेली, आणि टोलाहि कोठल्या तरी परक्या घरचा वाटूं लागला. आमच्या आईनें दोन दिवस वाट पाहून विचारलें, “आपलें घड्याळ कधीं येणार?” कारागिरानें तर आपलें काम चोख केलें होतें. चूक आमची, काय ठेवावयाचें तें आम्हीं त्यास सांगितलेंच नव्हतें.

आतां टिंगेलीच्या यंत्राचा विचार करा. त्याचीं चाकें मुद्दाम वांकडीं बसविलेलीं, पट्टे मुद्दाम घसरणारे. ज्या खडखडीबद्दल गिरणींतला मुकादम मजुरास बोल लावील, तीच येथें गाण्याचें पद आहे. त्याच्या १९७९ सालच्या एका शिल्पाचें नांवच ‘क्लामाउक’, म्हणजे गोंगाट. एका ट्रॅक्टरवर चाकें, घंटा व ढोल चढवून तें केलेलें आहे. आणि टिंगेलीच्या अंत्ययात्रेंत फ्रिबूरच्या रस्त्यांतून हेंच शिल्प धूर सोडीत, वाजत गाजत पुढें चाललें होतें. अशा कृतींत वंगणाची बाटली घेऊन शिरलेला अति उत्साही मनुष्य कलेचा घात करील. उलटपक्षीं, ‘सगळें कुरकुरणें कलावंताचेंच’ असें म्हणून हात जोडून बसणारा मनुष्य यंत्राचा घात करील. कोणता आवाज कलावंतानें दिलेला व कोणता काळानें दिलेला, हें ठरविणें हेंच जतनकर्त्याचें खरें काम. जुनें मुद्रण तेथें साक्षीदार म्हणून उभें राहतें. १९८० च्या सुमाराच्या मुद्रणांत जें किंचाळणें आहे त्यास हात लावूं नये. जें त्यानंतर आलें तें संशयित समजावें. संशयित म्हणतों, अपराधी नव्हे. कारण टिंगेली स्वतःहि आपलीं यंत्रें हातीं लागेल तें सामान घालून दुरुस्त करी.

ह्यांत आणखी एक गुंता आहे. घड्याळाचा एक मिनिट दुसऱ्या मिनिटासारखा असतो; ‘मेटा-हार्मोनी’चा नसतो. घसरणाऱ्या पट्ट्यांमुळें व निरनिराळ्या वेगाच्या चाकांमुळें ठोक्यांचा मेळ सतत बदलत राहतो. तीच तर तिची मौज. म्हणून तेथें एका मिनिटाची दुसऱ्याशीं तुलना करून भागत नाहीं. लांबलचक मुद्रण घेऊन मग मोजदाद करावी लागते: अमुक ढोलावर इतक्या वेळांत किती ठोके पडले, सर्वांत लांब शांतता किती होती, कोणता स्वर अजिबात ऐकूंच आला नाहीं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आलेला नवा आवाज सर्वांच्या ध्यानांत येतो. नाहींसा झालेला आवाज कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. कोठें एक हातोडी वांकली, तिचा ठोका घंटेला न लागतां हवेंत जाऊं लागला. यंत्र चालूच आहे, प्रेक्षक खूष आहेत, आणि एक घंटा कायमची मुकी झाली आहे.

न्यूझीलंडचा लेन लाय (१९०१–१९८०) हा ह्याच पंथांतील दुसरा मोठा कलावंत. पण त्याची तऱ्हा निराळी. त्याचीं शिल्पें पोलादाच्या लांब, लवचिक पट्ट्यांचीं. मोटर त्यांना हलवते, झटके देते, आणि त्या विजेसारख्या लखलखत, मेघासारख्या गर्जत वळवळतात. न्यू प्लिमथ शहरांतील कलादालनांत त्याचें १९७७ सालचें तीन पट्ट्यांचें शिल्प आहे. त्याचा गडगडाट हा त्या कृतीचा अर्धा भाग आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. येथें भीति बेअरिंगाची कमी व पोलादाच्या थकव्याची अधिक. तार पुनःपुन्हा वांकविली कीं तुटते हें आपण जाणतों. ती एकदम तुटत नाहीं, आधीं आंत सूक्ष्म चीर पडते. चीर पडली कीं पट्टीचा ताठरपणा किंचित घटतो, आणि ताठरपणा घटला कीं तिचा स्वर उतरतो. पुन्हा आजीचें मडकेंच! फरक इतकाच कीं हा उतार इतका अल्प असतो कीं कानास कळूं नये. पण सुस्थितींतल्या पट्टीचा स्वर आधीं मुद्रित करून ठेवला असेल, तर मोजून काढतां येतो.

ह्या पद्धतीच्या मर्यादा सांगितल्या नाहींत तर आम्ही वाचकांस फसविल्यासारखें होईल. आवाज रोग आहे इतकें सांगतो. रोगाचें घर कोठें, हें पुष्कळदां सांगत नाहीं. मोठ्या ढोलाच्या आवाजाखालीं लहान सांध्याचें कण्हणें बुडून जातें. दालनाच्या भिंती प्रतिध्वनि देतात; म्हणून तेंच शिल्प दुसऱ्या दालनांत नेलें तर नवें मुद्रण जुन्याशीं जुळत नाहीं, आणि नसता रोग दिसूं लागतो. ह्यावर दोन तोडगे आहेत. एक, अनेक मायक्रोफोन ठेवणें. ध्वनि साधारण उष्णतेंत सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरास सुमारें तीन सहस्रांश सेकंद. तेव्हां एकच टिचकी कोणत्या मायक्रोफोनवर आधीं पोंचली हें पाहून तिची जागा शोधतां येते. दुसरा, यंत्राच्या अंगालाच चिकटून धातूंतील कंप टिपणारा मायक्रोफोन लावणें; त्याला भिंतींचा उपद्रव नाहीं. परंतु तो चिकटवावयाचा कशानें? ज्या गंजाच्या रंगावर कलावंताची दृष्टि होती, त्यावर गोंदाचा डाग पाडणें हें रोगापेक्षां औषध वाईट अशांतलें होईल. म्हणून जागा निवडतांना वाद होतात, आणि ते व्हावेत.

शिवाय ही मुद्रणें तरी कोठें अमर आहेत? संगणकावरील साठा नादुरुस्त होतो, प्रकार जुने पडतात, नांवाविना ठेवलेली फाईल कोणत्या यंत्राची हें पांच वर्षांत कोणी सांगूं शकत नाहीं. म्हणून प्रत्येक मुद्रणाबरोबर तारीख, मायक्रोफोनची जागा, विजेचा दाब, हवेची स्थिति व त्या दिवशीं यंत्र कितव्यांदा चाललें हें लिहून ठेवावें लागतें. आणि प्रती एकाहून अधिक ठिकाणीं ठेवाव्या लागतात. मुद्रण करण्यास दहा मिनिटें लागतात, तर नोंद करण्यास तासभर. हा तास कंटाळवाणा आहे खरा, पण तो चुकविला तर दहा मिनिटेंहि वायां गेलीं.

हें सारें वाचून आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना स्वतः प्रयोग करण्याची इच्छा होईल. त्यांच्यासाठीं चलशिल्पच हवें असें नाहीं. शिवणवर्गांतील पायानें चालविण्याचें जुनें यंत्र आम्हीं ह्या कामीं घेतलें आहे. खिडकीपासून चार पावलांवर खडूनें खूण केली, तिवईवर मोबाईल ठेवला, दोरा न ओंवतां चाक एका मिनिटास साठ पावलांच्या चालीनें चालविलें, व पाय उचलल्यावर तें थांबेपर्यंतचा आवाज घेतला. तारीख, वार, पावसाळी हवा, शेवटचें तेल कधीं घातलें, हें सर्व वहींत लिहिलें. चौथ्या मिनिटास बाहेर मधली सुटी झाली, आणि मुलांचा गलका मुद्रणांत शिरला; त्यामुळें तेवढा भाग निरुपयोगी झाला. तरी तो आम्हीं पुसलेला नाहीं. पुढील वर्षीं ह्याच महिन्यांत, ह्याच खुणेवर, मधल्या सुटीच्या आधीं पुन्हा मुद्रण करावयाचें ठरलें आहे. वही शिवणवर्गाच्या कपाटांत वरच्या खणांत ठेवलेली आहे.